खिंडीतली केळीची बाग

जळगावहून निघताना ताईने दाजींच्या खिशात कांदा घातला. उन्हाळ्यात आमच्याकडे बाहेर पडणाऱ्याजवळ तो असतोच, ऊन बाधत नाही म्हणतात. "अगं, आम्ही लडाखला चाललोय, बर्फात!" मी हसून म्हणालो.

"राहू दे. दोघं चालले, दोघं या."

दाजी पहूरजवळचे केळी बागायतदार. मोटारसायकल रेल्वेने पाठवली होती. मनालीपासून पुढे मी चालवत होतो आणि दाजी मागे. तिसऱ्या दिवशी दुपारी एका उंच खिंडीत थांबलो. झाड नाही, पाखरू नाही. इंजिन बंद केलं आणि अशी शांतता पसरली की मला उगाचच खाकरावंसं वाटलं.

"सुन्या, मोटार कोनं सुरू केली रे?" दाजींनी विचारलं.

"कुठली मोटार?"

"वावरातली. ऐक ना. केयीले (केळीला) पाणी सुटलं."

दोन दिवस ते माझी टिंगल करत होते, म्हणून मी हसलो. मग म्हणाले, "मले लय गरम होऊन राह्यलं." त्यांनी जाकीट काढून दगडावर नीट ठेवलं. मग स्वेटर, मग शर्ट. ओठ निळे पडले होते, चेहऱ्यावर मात्र घरच्यासारखं समाधान होतं.

आणि मी शहाण्याने काय करावं? जळगावचं डोकं माझं, मला वाटलं ऊन लागलं. कांदा फोडून नाकाला लावला, त्यांच्या गळ्यातला लांबरुंद बागायती रुमाल भिजवून डोक्यावर ठेवला. आजही ते आठवलं की लाज वाटते.

रस्त्याच्या कामावर झारखंडकडून आलेली एक बाई धावत आली. तिने रुमाल हिसकावला. "भैया, मार डालोगे क्या? ये गर्मी नहीं, ठंड चढ़ी है! नीचे ले जाओ, अभी!"

आम्ही त्यांना कपडे घातले. तिने स्वतःची शाल त्यांच्याभोवती गुंडाळली आणि एव्हाना गोठून कडक होऊ लागलेल्या त्याच रुमालाने त्यांना माझ्या पाठीशी बांधलं.

उतारावर ते कानाशी बोलत होते. पाणी कुठल्या ओळीत पोचलं, कुठे बांध फुटला. त्यांनी जागं राहावं म्हणून मी ओरडून विचारत होतो, "दाजी, पाणी कुठवर आलं?" आणि एका वळणावर मलाही ऐकू आली. मोटार. गाडीच्या आवाजाच्या पलीकडे, संथ, एकसुरी. ओल्या काळ्या मातीचा वासही आला. मी जाम घाबरलो. मलाही गरम व्हायला लागलं तर दोघंही इथेच राहणार होतो.

"पाणी कुठवर आलं, दाजी?"

तीनदा विचारलं. मागे वळून बघायची हिंमत झाली नाही.

"...शेवटच्या ओयीले (ओळीला)," पाठीमागून आवाज आला. खाली गाव दिसत होतं.

तिथल्या दवाखान्यात दाजींनी ऑक्सिजनवर दोन दिवस काढले आणि आम्ही दोघं परत आलो. दाजींना यातलं काहीच आठवत नाही. प्रवासाने माणूस धीट होतो म्हणतात, माझं मात्र उलटंच झालं. गेल्या आठवड्यात त्यांच्या मळ्यात गेलो होतो. भर दुपार, अंगाची लाही होत होती. मोटार सुरू झाली. दाजी म्हणाले, "लय गरम होऊन राह्यलं," आणि शर्ट काढून बांधावर ठेवला.

मी उठलो, शर्ट उचलला आणि त्यांच्या अंगात घातला. ताई खो खो हसत सुटली. मी गळ्यापर्यंत सगळी बटणं लावली.