दुसऱ्या बाजूचा आवाज

लग्नानंतर वर्षभरातच हे जहाजावर गेले. इंजिनात फिटरचं काम. आम्ही तेव्हा नुकतेच नवीन पनवेलला राहायला आलो होतो. सासूबाई उरणकडच्या, मिठागरात जन्म काढलेल्या. त्यांना तिसऱ्या मजल्यावरचं घर म्हणजे कपाटात ठेवल्यासारखं वाटे. सासरे, सासूबाई आणि मी, एक खोली आणि स्वयंपाकघर. फोन कुठल्यातरी बंदरातून कधीमधी शेजाऱ्यांकडे यायचा, तोही दोन वाक्यांत तुटायचा. म्हणून हे कॅसेट भरून पाठवत. एक बाजू सगळ्यांसाठी, दुसरी माझ्यासाठी.

पहिली बाजू आम्ही तिघं जेवणं झाल्यावर टेपभोवती बसून ऐकत असू. दुसरी कुठे ऐकायची? मी टेप स्वयंपाकघरात नेऊन आवाज अगदी बारीक करायची आणि स्पीकरच्या जाळीला कान लावायची. बाहेरून सासरे विचारत, "काय म्हणतो गो?" मी पटकन बंद करायची. टेपबरोबर आलेले स्पंजवाले हेडफोन होते, पण त्यात यांचा आवाज डासासारखा गुणगुणायचा. मी बालवाडीत शिकवत होते. माझ्या पगारातून मी स्वतःसाठी पहिल्यांदा काही मागितलं, ते चांगले हेडफोन.

सासूबाई म्हणाल्या, "मी पन येतंय."

रूळ ओलांडून आम्ही जुन्या पनवेलच्या बाजारात गेलो. दुकानदार वयस्कर मुसलमान गृहस्थ होते. टेपरेकॉर्डरची दुरुस्तीही करत. मी पर्समधून कॅसेट काढून दिली. "गाणी नकोत, ह्यावरच ऐकते," म्हटलं. पहिली बाजू वर आहे ना, हे दोनदा पाहिलं.

"तसल्लीने ऐका, भाभी," म्हणत त्यांनी तीन जोड काउंटरवर मांडले.

पहिला हलका, सुबक होता. आवाज स्वच्छ, पण पातळ. यांच्या आवाजातला खर्ज कुठे गेला कळेना. दुसरा परदेशी, काळा, चकचकीत. तो लावला आणि यांचा आवाज एकदम भरदार झाला, रेडिओवर बातम्या देणाऱ्यासारखा. ऐकायला छान वाटलं. हे खुशीत असल्यासारखे वाटले. तिसरा करडा, जड, दिसायला अगदी ओबडधोबड, वायर स्प्रिंगसारखी वळलेली.

"हा रेकॉर्डिंगवाले वापरतात," ते म्हणाले. "हा काहीच लपवत नाही. काही लोकांना म्हणूनच आवडत नाही."

तो लावला तसा बाजार बंद झाला. रिक्षा नाहीत, भाजीवाल्या नाहीत. इंजिनाची घरघर, जी घरी यांच्या आवाजावर पसरलेली असायची, ती मागे सरकली आणि हे समोर आले. ही बाजू मला तोंडपाठ होती. पण खाटेची करकर मी कधी ऐकली नव्हती. बशीतून चहा ओढल्याचा आवाज ऐकला नव्हता. "मी मजेत आहे, काळजी करू नका," या वाक्याआधी हे थांबतात आणि नाक ओढतात, तेही आत्ताच ऐकलं.

सासूबाईंनी माझं तोंड पाहिलं असावं. "मना दे जरा."

मी डोक्यावरच्या पदरावरूनच त्यांच्या कानांवर हेडफोन बसवले आणि टेप मागे घेतली. क्षणभर त्या दचकल्या. मग भर दुकानात मोठ्यांदा ओरडल्या, "बोल रं बाला! जेवलास का?" स्वतःचा आवाज त्यांना ऐकू येत नव्हता. दोन गिऱ्हाइकं वळून हसली. दुकानदार हसले नाहीत. त्यांनी हातातला पेचकस खाली ठेवला.

सासूबाईंनी हेडफोन काढले. "रडलाय गो तो."

"सर्दी असेल, आई."

"सर्दी नाय."

खरं सांगायचं तर तेव्हा मला तो दुसराच घ्यावासा वाटला. त्यात हे सुखात होते. पण सासूबाईंनी करडा जोड उचलून पोटाशी धरला होता. "ह्योच घे. ह्यात तो जवळ हाय."

दुसऱ्या दिवशी दुपारी सासूसासरे आडवे झाल्यावर मी गॅलरीच्या दाराशी बसले आणि दुसरी बाजू लावली. यांचं बोलणं तसं साधंच होतं. शाळेत मुलं त्रास देतात का, मोगऱ्याला पाणी घालतेस ना. मग "बरं, ठेवतो." इथे मी नेहमी टेप बंद करायची, कारण पुढे नुसती खरखर होती. त्या दिवशी बटण दाबायचं राहिलं. खरखर नव्हती ती. यांनी रेकॉर्डिंग बंदच केलं नव्हतं. हे तिथेच बसून होते. श्वास ऐकू येत होता. मधेच एकदा बोटांनी टेपवर हळूच टकटक केल्यासारखं वाटलं. फीत संपेपर्यंत हे तसेच बसून राहिले आणि मी त्यांच्याबरोबर.

मग उत्तराची कॅसेट भरली तेव्हा मीही "ठेवते" म्हटल्यावर रेकॉर्डिंग बंद केलं नाही. फीत संपेपर्यंत बसले.

हे सुट्टीवर आले तेव्हा मी माझ्या त्या कॅसेटबद्दल विचारलं. "चांगली होती," म्हणाले, "शेवटी थोडी कोरीच राहिली होती. त्यावर मी गाणी भरून घेतली."

मी हेडफोन आणून यांच्या कानांवर ठेवले आणि यांचीच दुसरी बाजू लावली, शेवटाकडची. हे ऐकत राहिले. मग डोळे मिटून म्हणाले, "तुला हे ऐकू आलं?"

"आलं."

आत सासूबाई भांडी लावत होत्या.

हे परत निघाले तेव्हा हेडफोन मी यांच्या बॅगेत घातले. हे नको म्हणत होते, सासूबाईच म्हणाल्या, "नेऊ दे गो, तिकडं त्याला कोन हाय?" पुढची कॅसेट आली तेव्हा आम्ही तिघं पुन्हा टेपभोवती बसलो. दुसरी बाजू मी स्वयंपाकघरात जाळीला कान लावून ऐकली. "ठेवतो" नंतर मला नुसती घरघर ऐकू आली. तरी मी टेप बंद केली नाही. सासऱ्यांनी बाहेरून विचारलं, "संपली का?"

"अजून नाही," मी म्हटलं.