माळ्यावरची खिडकी

समुद्रकाठच्या फ्लीटवुड गावातल्या त्या गल्लीत थेल्मा रिग्बीचा राग लोक वाऱ्यासारखा गृहीत धरून चालत. वारा आहे, असणारच. बाईने उभं आयुष्य मासे आणि बटाटे तळण्याच्या दुकानात काढलेलं. उकळत्या तेलापुढे उभं राहून तिचा आवाजही तसाच झाला होता, शिंतोडे उडवणारा.

नवरा गेल्यावर दुकान विकून ती लेकीच्या, जॅनिसच्या, बैठ्या घरात राहायला आली. आपली खोली आजीला द्यावी लागल्यामुळे नात आयरिस बैठकीतल्या कोचावर झोपू लागली. म्हणून जावई कॉलिनने माळ्यावर खोली काढायला घेतली. त्याचाच एक दोस्त सुतारकाम करत होता.

जिना लागला, जमीन झाली, तशी थेल्मा गुडघे धरत वर गेली. उतरत्या छपरात उंचावर एक खिडकी बसवली होती, मधोमध आसावर फिरणारी.

"ही कशाला?" तिने विचारलं.

"उजेडाला. झोपल्या झोपल्या चांदण्या दिसतील पोरीला."

"आणि खाली आग लागली तर? जिना धुराने भरला तर पोर बाहेर कुठून पडणार?"

कॉलिन हसला. "आग कशाला लागतेय? आणि नगरपालिकेला आपण सामानाची खोली सांगितलीय. माणूस झोपणार म्हटलं की त्यांची शंभर लफडी."

थेल्माचा चेहरा पांढरा पडला. तिच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर वॉल्टर नावाचा म्हातारा खलाशी भाड्याने राहायचा. त्याची खिडकी रंगाने चिकटून बसली होती. थेल्मा त्या मजल्याच्या मालकाला सांगून थकली. एका दुपारी जिन्याखाली आग लागली, आणि रस्त्यात उभ्या थेल्माने त्याला काचेवर मुठी आपटताना पाहिलं. बंब आला तेव्हा मुठी थांबल्या होत्या.

"कॉलिन," ती म्हणाली, "त्या खिडकीतून बाहेर पडून दाखव."

"थेल्मा, पुरे झालं आता."

"पड म्हणते ना. सुताराच्या शिडीला हात लावायचा नाही. तुझ्या पोरीजवळ शिडी असणार नाही."

आवाज ऐकून जॅनिस आणि आयरिस वर आल्या. पोरीसमोर माघार कशी घ्यायची, म्हणून कॉलिनने उडी मारून चौकट पकडली, स्वतःला वर ओढलं. फिरती काच मधोमध आडवी झाली आणि उरलेल्या फटीत त्याचे खांदे अडकले. पुढे जाईना, मागे येईना. पाय हवेत झाडत राहिला.

आयरिस खुदकन हसली. आजी हसली नाही.

"आत्ता खोलीत धूर नाही," थेल्मा म्हणाली. "नीट श्वास घेता येतोय तुला. तरी बघ."

जॅनिसने पाय धरून त्याला खाली घेतलं. त्याची कोपरं सोलवटली होती. "माझ्या घरात माझा तमाशा करताय तुम्ही," तो म्हणाला.

"करतेय. आणि ही पोर इथे एक रात्र जरी झोपली, तर नगरपालिकेत मी स्वतः जाऊन सांगेन."

"आई, अगं घरातल्या माणसाची तक्रार करणार तू?" जॅनिस रडवेली झाली.

"करणार. तुला वाईट वाटलं तरी करणार."

कॉलिन चिडून निघून गेला. पण त्या रात्री जॅनिसही आईच्या बाजूने बोलली असावी. आठवड्याभरात छपराची कौलं पुन्हा उतरली. नवी खिडकी आयरिसच्या छातीइतक्या उंचीवर आली. काच वरच्या कडेला टांगलेली, पूर्ण उघडणारी. खाली स्वयंपाकघराचं सपाट छप्पर. जिन्यालाही आग अडवणारं दार लागलं. झोपायची खोली म्हणून कळवल्यावर नगरपालिकेचा माणूस येऊन सगळं बघून गेला. थेल्माने आयरिसला खिडकीतून छपरावर उतरायला लावलं, पुन्हा पुन्हा, पोर कंटाळेपर्यंत.

कॉलिन मात्र तिच्याशी मीठ मागण्यापुरतंच बोलायचा. तिनेही माफी मागितली नाही.

नाताळात शेजारी खोली बघायला आले. "खिडकी मुद्दाम खाली घेतली," कॉलिन त्यांना सांगत होता. "पोरीच्या बाबतीत मी धोका पत्करत नाही."

थेल्मा दारातच उभी होती. जॅनिसने हात जोडावेत तसं तिच्याकडे पाहिलं. थेल्मा खाली गेली आणि चहाची किटली शेगडीवर अशी आदळली की वर सगळे गप्प झाले.