साहेबांची नवी बस

सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांत दिपमालाला पोरी बसवाली ताई म्हणतात. ती बस चालवत नाही. गावोगावी पोरींना हाका मारून वर चढवते, बारावीपर्यंतच्या हायस्कूलला सोडते, संध्याकाळी परत आणते. एखादी दिसली नाही तर खाली उतरून थेट तिच्या घरात शिरते. "काय हो काकू, लग्न ठरवताय की काय?" असं हसत विचारते आणि पोरीला घेऊनच निघते. अमळनेरच्या कॉलेजात आम्ही दोघी एका बाकावर होतो. मी एम.ए. करत बसले. ती या बसमध्ये चढली.

बस जळगावच्या एका सूत कंपनीची. कंपनीला कायद्याने समाजासाठी जो खर्च करावा लागतो, त्यातून चालणारी. मागच्या मोठ्या साहेबांनी आल्या आल्या सुरू केली. तेव्हा ते सारखे गावात यायचे. शेवटच्या वर्षी डिझेलसाठीही फोन उचलेनात. यंदा ते बदलून गेले, नवे आले. पहिल्याच बैठकीत म्हणाले, "आधीच्यांचं काही नको. माझ्या काळात सुरू झालेलं दाखवा."

हे काम बघणारा कंपनीतला स्वप्नील दिपमालाला म्हणाला, "ताई, बस बंद होणार."

"मग नवी सुरू करू."

"पैसे कुठंयत?"

"रंगापुरते आहेत ना?"

पांढरी बस निळी झाली. तिला नवं नाव मिळालं. उद्घाटनाला मी गेले, तेव्हा दिपमालाने हे कानात सांगितलं. समोर अख्खं गाव बसलं होतं, आणि गाव ती बस रोज बघत होतं.

नारळ फुटला. फीत कापली. आभार मानायला लोटन आबा उठले. त्यांची नात ऋतिका याच बसने बारावीला जाते. काय बोलायचं ते दिपमालाने त्यांना घरी जाऊन बजावलं होतं.

"सायेब, माले खोटं बोलता येत नही. हाई बस जुनीच शे. रंग तेवढा नवा शे. आमन्या बठ्ठ्या पोरी हाईमाच शिकन्यात."

मागे कुणीतरी फिसकन हसलं. साहेबांनी कात्री टेबलावर ठेवली.

"मग मी कापलं काय?"

स्वप्नील जमिनीकडे बघत होता. दिपमालाने आबांच्या हातून माईक घेतला.

"साहेब, बस हायस्कूलपर्यंतच जाते. बारावी झाली की पोरी घरी बसतात. पुढे चोपड्याला कॉलेज आहे, तिथवर त्यांना अजून कुणी नेलं नाही. ते तुमच्यापासून सुरू."

असं काही ठरलेलं नव्हतं. मी तिच्याकडे बघतच राहिले. साहेबही बघत राहिले. मग स्वप्नीलला म्हणाले, "चोपडा. बसच्या बोर्डावर लिहून घ्या."

माणसं पांगली. आबा जवळ आले. "मनं चुकनं का, बेटा?"

"नाही आबा. ऋतिकाला कॉलेजात घाला."

आबा गेल्यावर तिने स्वप्नीलला विचारलं, "हे किती टिकतील?"

"तीन वर्षं. त्यातलं शेवटचं बदलीच्या नादात."

तिने बोटांवर मोजलं. एक बारावीचं. मग कॉलेजची दोन, त्यातलं दुसरं बिनभरवशाचं. ऋतिकाचं कॉलेजचं शेवटचं वर्ष तर उघड्यावरच पडत होतं.

"पुढचे साहेब कोण, हे आधी कळतं का रे?"

स्वप्नील हसला. दिपमाला उत्तराची वाट बघत उभी राहिली.