रडण्याचं काम

लढाई चालू होती त्या काळात मी सांगलीला आत्तीकडे शिकायला होते. आमचं गाव कराडच्या अलीकडचं. तिथं चौथीच्या पुढं मुलींना शाळा नव्हती. वडील पलटणीत, समुद्रापलीकडं कुठंतरी. आई आणि धाकटा भाऊ गावी.

आत्तीनं मला कधी काही कमी केलं नाही. पण तिची मुलं मोठी होती, आपापसांत बोलायची. शाळेतल्या मुली शहरातल्या. पहिल्याच आठवड्यात मी वर्गात "मला ठावं न्हाई" म्हणाले आणि मागच्या बाकावर खसखस पिकली. तेव्हापासून मी बोलणंच सोडलं. विचारलं तर मान हलवायची. दिवसभरात दहा वाक्यंसुद्धा माझ्या तोंडून निघत नसत, आणि ते कुणाच्या ध्यानातही आलं नाही.

त्या वर्षी संमेलनासाठी मराठीच्या बाईंनी स्वतः एक नाटक लिहिलं. कामं हवी असतील त्यांनी शनिवारी शाळा सुटल्यावर चित्रकलेच्या वर्गात यावं, असं त्यांनी सांगितलं. मी नाव दिलं. वाटलं, नाटकात काय बोलायचं ते आधीच लिहिलेलं असतं; त्याला कोण हसणार? घाटावर धुणं वाळत घालता घालता मी बाईंनी लिहून दिलेली वाक्यं शंभरदा म्हटली असतील.

प्रवेश असा होता. शिलेदाराची मुलगी अंगणात धान्य पाखडत असते. निरोप्या येतो आणि सांगतो, तुझे वडील गडावर पडले. मग तिनं रडायचं आणि दोन वाक्यं बोलायची. एकेक मुलगी पुढं जात होती. आमच्या वर्गातली वकिलांची मुलगी रडली ते अगदी खरं. डोळ्यांतून पाणी, हुंदके, सूप हातातून गळून पडलेलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

माझी पाळी आली. निरोप्या झालेल्या मुलीनं निरोप सांगितला. मी पाखडतच राहिले. सुपातलं सगळं झालं, मग सूप भिंतीला टेकवून ठेवलं, हात पुसले आणि हळूच म्हणाले, "बाबा गेले?"

"अगं, ऐकलंस ना?" बाई म्हणाल्या. "वडील गेले तुझे. रड की."

"बाई, बातमी आल्यावर लगेच रडू येत न्हाई."

मुली हसल्या. त्या "न्हाई"लाच हसल्या. बाईंनी त्यांना गप्प केलं आणि मला विचारलं, "तुला कसं ठाऊक?"

त्यांचा आवाज रागाचा नव्हता. त्या वेळी मी सांगू शकले असते. चारच महिन्यांपूर्वी, मी सुट्टीत गावी असताना, आमच्याकडं तार आली होती. मास्तरांनी ती दारात उभं राहून वाचली: वडील बेपत्ता आहेत. आई चुलीपुढं बसली होती. तिनं थापलेली भाकरी तव्यावर टाकली, पाणी लावलं, उलटली, शेकली. मग पुढची थापली. चारही भाकरी झाल्यावर तिनं हात धुतले आणि भिंतीला टेकून बसली. रडली नाही. त्यानंतरही तोवर कधी रडली नव्हती. माणूस गेला असं कुणी म्हटलेलं नव्हतं, म्हणून कपाळाचं कुंकूही तसंच होतं.

यातलं मी काहीच सांगितलं नाही. "असंच वाटलं," म्हणाले.

बाईंनी भिंतीचं सूप उचलून माझ्या हाती दिलं. "मागच्या रांगेतल्या बायकांना दिसलं पाहिजे, बाळ. तू नुसतं पाखडत राहिलीस तर त्यांना काय कळणार?"

काम वकिलांच्या मुलीला मिळालं. मला लुगडी नेसवायला ठेवलं, कारण नऊवारी नेसवता येणारी मी एकटीच होते. तालमीला मी कोपऱ्यात बसत असे. घरी पत्र लिहिताना मात्र लिहून गेले, 'मला नाटकात मोठं काम मिळालं.' आई काही सांगलीला येणार नाही, याची मला खात्री होती.

नाटकाच्या दिवशी दुपारी आई आत्तीच्या दारात उभी. भावाला शेजाऱ्यांकडं ठेवून, मोटारीनं एकटी आलेली. "मास्तरांनी पत्र दोनदा वाचून दावलं," ती आत्तीला सांगत होती. "म्हटलं, जाऊन बघावं." तिनं माझ्या डोक्याला तेल लावलं, घट्ट वेणी घातली. प्रत्येक पेडाला मी सांगायचं ठरवत होते. नाही सांगितलं. तोंडाला रंग लावायचाय असं सांगून लवकर शाळेत पळाले.

संध्याकाळी वकिलांच्या मुलीच्या निऱ्या घालून दिल्या आणि पडद्याआड उभी राहिले. आई तिसऱ्या रांगेत होती. प्रत्येक मुलगी आत आली की मान उंच करून बघायची. मग तो प्रवेश आला. वकिलांची मुलगी रडायला लागली, बायकांनी पदर डोळ्यांना लावले. आई उठली आणि वाट काढत बाहेर गेली.

मी मागच्या दारानं धावले. शाळेच्या हौदापाशी ती खाली बसली होती, पदराचा बोळा तोंडात धरून, सगळं अंग हलत होतं. मला जवळ जाता येईना. चार पावलांवर तशीच उभी राहिले. बऱ्याच वेळानं तिनं तोंडावर पाणी मारलं आणि मला पाहिलं.

"लय चांगली रडली ती पोरगी," ती म्हणाली. "तुझं काम कवा हाय?"

"मला न्हाई घेतलं, आई. मी खोटं लिवलं हुतं."

"का न्हाई घेतलं?"

मी सांगितलं. निरोप आला तरी पाखडतच राहिले म्हणून. तिनं पदरानं तोंड पुसलं.

"तार आली तवा तुमी दोगं उपाशी हुता गं," ती म्हणाली. "म्हणून."

आत टाळ्या पडत होत्या. सकाळच्या मोटारीनं ती गावी गेली.

सुट्टीत घरी आले तर साऱ्या आळीला माझं नाटक माहीत होतं. संध्याकाळी ओट्यावर बायका जमल्या की आई सांगायची: सूप कसं हातातून पडलं, गुडघ्यावर कशी बसली, हुंदका कसा आला. एकही बारकावा सुटत नव्हता. माझी पोरगी, असं म्हणायची आणि माझ्याकडं बघायची नाही.

"कर की गं एकदा," एक चुलती म्हणाली. "आमी कवा बघायचं?"

आई दिवा लावायला आत गेली. मी म्हशीला वैरण टाकायची आहे म्हणून उठले आणि गोठ्यात गेले. पुढच्या वर्षी सरकारी कागद आला, वडील गेल्याचा. तेव्हा मी सांगलीत होते. मला पत्रानं कळलं. पत्र वाचून मी घडी घालून दप्तरात ठेवलं आणि शाळेत गेले. तिथं कुणाला सांगितलं नाही.