नागसेन अण्णांची इंग्रजी खुर्ची

बीदरकडच्या मन्नाएखेळ्ळीच्या आसपास कुणाच्या विहिरीतून रडू ऐकू आलं, कुणाच्या सुनेच्या अंगात आलं, की माणसं आधी देवऋष्याकडं जात. देवऋष्याचं कोंबडं पचायचं अन् भूत जागच्या जागी राहायचं. मग माणसं नागसेन अण्णांकडं येत. अण्णा कोंबडं घेत नसत. चहा मात्र घेत, अन् तोही बशीत सांडेपर्यंत भरलेला.

तुळजाराम धनगराच्या मळ्यात पांढरं भूत नाचायला लागलं, तेव्हा त्याच्या घरची माणसं चार दिवस मळ्याकडं फिरकली नव्हती. अण्णा भरदुपारी एकटे गेले. कुंपणाच्या तारेत खताचं फाटकं पोतं अडकलं होतं. ते त्यांनी सोडवलं अन् आणून तुळजारामच्या हातात दिलं. म्हणाले, "घे तुझं भूत. घरी ने, जेवू घाल. उपाशी हाय बिचारं."

तुळजाराम त्यांचा लंगोटीयार, तरी वर्षभर त्यांच्याशी नीट बोलला नाही. पण गावात अण्णांचा दबदबा वाढला. भूत नसतं, भिणाऱ्याच्या डोक्यातला कचरा असतो, हे ते विहाराच्या पायरीवर उभं राहून ठणकावून सांगायचे. पोरंसोरं ऐकायची, बाया ऐकायच्या, अन् अमावास्येला बिनघोर शेतात जायच्या. त्या सगळ्यांचं धैर्य अण्णांच्या छातीवर उभं होतं. अन् अण्णांच्या छातीत काय होतं, ते फक्त अण्णांनाच ठाऊक. निदान त्यांना तसं वाटायचं.

कारण अण्णा रिकाम्या खुर्चीला भ्यायचे.

हसू नका. लग्न असो, बारसं असो, विहारातली सभा असो, मांडवात शिरले की अण्णांची नजर आधी खुर्च्यांवरून फिरायची. "ए, ये हिकडं, बस! कामून उभारलास? अक्का, तुमी बसा की. खुर्ची काय बघायला ठेवलीय?" माणसं संपून खुर्च्या उरल्या, तर अण्णा स्वतः त्या एकात एक घालून भिंतीला लावायचे. लोकांना वाटायचं, काय हे समतेचं वेड! ज्या गावात यांच्या आज्याला धुळीत बसवलं, तिथं हा माणूस झाडून सगळ्यांना खुर्चीवर बसवतोय! एका पाहुण्यानं तर त्यावर तासभर भाषण ठोकून त्यांना शाल पांघरली. अण्णा शालीच्या आत घामानं निथळले. खरं सांगितलं असतं, तर पाहुण्यानं शाल काढूनच घेतली असती.

घरी मात्र त्यांना हा त्रास नव्हता. बायको मंगल तशी टापटिपीची, पण एक खोड तिला होती. अण्णांच्या शेजारची खुर्ची रिकामी झाली रे झाली, की ही त्यावर कपड्यांचा ढीग आणून टाकायची. "अगं, हे घर हाय का धोब्याचं दुकान?" अण्णा खेकसायचे. "घालते की घड्या," म्हणून मंगल निघून जायची. बरं, ढीग उचल असं अण्णा कधी म्हणाले नाहीत. का म्हणाले नाहीत, ते तुमच्या ध्यानात आलंच असेल.

हे सगळं सुरू झालं बीदरात, मैलूरला. अण्णांना तेव्हा नुकती मिशी फुटली होती, लग्नाची हळद अजून ताजी होती. एका कारखान्यात मशीन बसवायला विलायतेहून इंजिनीअर आला होता. त्याच्या बंगल्यावर अण्णा शिपाई. साहेबाला मराठी शून्य, अण्णांचं इंग्रजी दहावीला गटांगळी खाल्लेलं. संध्याकाळी करमेना, म्हणून साहेब त्याच्या देशातल्या जुन्या मालिकांच्या कॅसेटी लावायचा. पहिल्याच दिवशी त्यानं शेजारच्या खुर्चीकडं बोट दाखवून म्हटलं, बस.

अण्णांना आयुष्यात कुठल्या साहेबानं बस म्हटलं नव्हतं. ते बसले. पाठ ताठ, हात गुडघ्यावर. अन् समोर ती मालिका सुरू झाली.

घड्याळं दुरुस्त करणारा एक माणूस माळरानावरच्या मोठ्या घरात कामाला जातो. जेवणाच्या टेबलाशी एक खुर्ची रिकामी असते. तिच्यापुढं रोज ताट वाढतात, कुणी येत नाही. बस्स, एवढंच. रक्त नाही, किंकाळी नाही, केस मोकळे सोडलेली बाई नाही. फक्त दर भागात ती खुर्ची थोडी थोडी सरकलेली असते. कोण सरकवतं, दिसत नाही. पाचव्या भागाच्या शेवटी ती त्या माणसाच्या खोलीच्या दाराशी येऊन थांबते.

अण्णांना पळावंसं वाटलं. पण मिळालेली खुर्ची सोडून पळायचं? मरण पत्करलं! ते बसून राहिले. अन् खरी गोम पुढंच होती. हे भूत आपल्या माणसांनी दाखवलं असतं, तर अण्णांनी ते हसण्यावारी नेलं असतं. पण ज्या लोकांनी आगगाडी आणली, देवीची लस शोधली, ती शिकलेली माणसं उगाच खुर्ची सरकवतील? काहीतरी असल्याबिगर? सहाव्या भागाच्या दिवशी अण्णांनी पोट धरलं, दुखतंय म्हणाले अन् मिळेल ती बस पकडून गाव गाठलं. आठवड्यानं साहेब कॅसेटींसकट विलायतेला गेला. शेवटी खुर्चीला बांधलेला दोरा सापडला असणार, असं अण्णांनी स्वतःला हजारदा बजावलं. पण डोळ्यांनी पाहिलं नव्हतं, अन् न पाहिलेल्यावर विश्वास ठेवू नका, हे तर अण्णाच गावाला सांगत होते.

परवा सून सुधारानी चहा पिता पिता मोबाईल वाचत होती. कडगंचीच्या विद्यापीठात इंग्रजी शिकली, आता बीदरला कॉलेजात शिकवते. "मामा, ऐका, ब्रिटिश टीव्हीवरच्या सगळ्यात भीतीदायक जुन्या मालिका! एकीत म्हणे नुसती रिकामी खुर्ची हाय."

अण्णांची नजर आधी खोलीतल्या खुर्च्यांवरून फिरली. पण माणसाचा मोठेपणा ऐन वेळी तोंड उघडतो. "ती व्हय? मी बघितलीय. मैलूरला, सायबाच्या मांडीला मांडी लावून."

झालं! सुधारानीनं ती मालिका इंटरनेटवर शोधून काढली, अन् रविवारी दुपारी जेवणं उरकून सगळे टीव्हीपुढं. अण्णांच्या शेजारी तुळजाराम, शेंगांची पाटी मांडीवर घेऊन. पलीकडं सुधारानी. मंगल नेहमीसारखी खाली उंबऱ्याशी, शेंगदाणे निवडत. बाहेर लख्ख ऊन, तरी तिसऱ्या भागात तुळजारामनं शेंगा खाणं थांबवलं अन् पाचव्यात दोन्ही पाय उचलून खुर्चीवर घेतले.

"सहावा लाव," अण्णा म्हणाले. आवाज जरा बारीकच निघाला.

"न्हाईच की, मामा. तिथल्या कंपनीनं टेपा पुसून टाकल्या. हे पाच कुणीतरी टीव्हीवरून घरी उतरवून ठेवलेले सापडले. सहावा साऱ्या जगात कुणाकडं न्हाई, लोक शोधायलेत." एवढं बोलून सुधारानी थबकली. तिचे डोळे मोठे झाले. "पण तुमी तर सायबासंगं बघितलाव!"

अण्णांनी छाती पुढं काढली. "व्हय. म्हणजे, शेवटी दोरा निघाला. घरातली म्हातारी दोऱ्यानं ओढत हुती. इस्टेटीसाठी."

"म्या म्हणलोच हुतो!" तुळजारामनं मांडी थोपटली, अन् सुटकेचा श्वास टाकून हात धुवायला बाहेर गेला.

"थांबा मामा, असंच पुन्हा सांगा." सुधारानीनं मोबाईल त्यांच्यापुढं धरला. "इंग्लंडातली माणसं किती वर्षं झाली वाट बघायलीत."

अण्णा घसा खाकरत होते. तेवढ्यात मंगल उंबऱ्यावरून उठली, आत गेली, अन् तुळजारामच्या रिकाम्या खुर्चीवर कपडे आणून ठेवले. पुन्हा जाऊन खाली बसली. अण्णांनी सवयीनं खेकसायला तोंड उघडलं, अन् ते उघडंच राहिलं. त्या कपड्यांच्या घड्या घातलेल्या होत्या. सकाळीच घालून कपाटात ठेवलेले कपडे होते ते.

"मंगल," ते हळू म्हणाले, "तुला कवापासून ठावं हाय?"

"पोट दुखतंय म्हणून आलाव ना, तवापासून." मंगलनं दाण्यांवरची नजर काढली नाही. "पोट दुखणारा माणूस घरातली खुर्ची दोरीनं खांबाला बांधतो व्हय?"

सुधारानीनं मोबाईल खाली केला. अण्णा त्या घड्यांकडं बघत राहिले. चाळीस वर्षं ते या बाईला ढीग टाकते म्हणून बोलत होते, अन् हिनं एकदाही उलटून सांगितलं नव्हतं. त्यांना भरून आलं, अन् लाजही वाटली.

"पोरी, त्यांना लिव," ते म्हणाले, "नागसेन नावाचा एक माणूस हुता, त्याला सहावा भाग बघायला मिळाला असता. भिऊन पळाला म्हणावं. दोरा मी माज्या मनानं लावला."

दारात ओल्या हातांनी उभ्या तुळजारामनं सगळं ऐकलं. आधी तो हसला, मग इतका हसला की चौकट धरून खाली बसला. "थांब अण्णा, पोतं अजून हाय माज्याकडं! उद्या आणून देतो, जेवू घाल!"

"आण," अण्णा म्हणाले. मग मंगलकडं वळले. साऱ्या मुलखाला बस बस म्हणत हिंडलेल्या माणसाला आत्ता कुठं दिसलं, की ही बाई उंबऱ्याशीच आहे. शेजारच्या खुर्चीत तिचे कपडे बसले, ती कधी बसली नाही. अण्णांनी ढीग उचलून तिच्या हातात दिला. "बस हितं. चहा मी करतो."

"तुमाला येतो व्हय चहा?"

"बस म्हणलो न्हवं!"

मंगल बसली, कपडे मांडीवर घेऊन, अंग चोरून. अण्णा उठून स्वयंपाकघराकडं निघाले. दारापर्यंत गेले अन् त्यांच्या लक्षात आलं, आता मागं आपलीच खुर्ची रिकामी आहे. राहवलं नाही. त्यांनी हळूच वळून पाहिलं.

मंगल टीव्हीकडंच बघत होती. तिथूनच हात लांबवून तिनं मांडीवरचे कपडे त्यांच्या खुर्चीवर ठेवले होते.