भोपळ्याची कोरी जागा

कुंपणाच्या भिंतीपलीकडे थोरली जाऊ राहायची, अलीकडे धाकटी. दोघींचे नवरे गेले, वैर मात्र ठणठणीत होतं.

धाकटीनं नोकरीभर कारखान्यात पडद्यांच्या कापडासाठी फुलं काढली होती. एकसारखी, बिनडागाची, कधीच न सुकणारी. त्यांचा तिला असा वीट आला की निवृत्त झाल्यावर तिनं ठरवूनच टाकलं, आपल्या बागेत जे उगवेल तेच काढायचं आणि जसं असेल तसंच काढायचं. अळीनं पान खाल्लं तर चित्रातही भोक. औषध मारायचं नाही, पालापाचोळा जाळायचा नाही, चित्रासाठी काही तोडायचं नाही. झाडापुढे स्टूल टाकून बसायचं. थोरली लोकांना सांगायची, "आमची धाकटी किडे पाळते."

थोरलीकडे गुलाब होते, आणि त्यांच्यावर ऊठसूट फवारणी.

यंदा धाकटीनं एका मोठ्या कागदावर भोपळ्याचा अख्खा जन्म मांडायला घेतला. बी झाली, कोंब झाला, पानं झाली, फुलं झाली. खालच्या कोपऱ्यात फळाची जागा तेवढी कोरी होती. पण फळ धरेना. फवाऱ्याच्या वासानं मधमाश्यांनी कधीच पाठ फिरवली होती. शेवटी एका सकाळी तिनं स्वच्छ धुतलेला कुंचला घेतला, नर फुलातले पराग उचलले आणि मादी फुलात हलकेच टेकवले.

"आता फुलांनाच रंग देतेस का गं?" भिंतीवरून थोरली डोकावली.

"तुम्ही पळवलेल्या माश्यांचं काम करतेय."

फळ धरलं. पण वेल कुणाच्या बापाचं ऐकत नाही. ती भिंत चढली आणि भोपळा पलीकडे लोंबायला लागला. तो पिकून रंगावर आला तेव्हा धाकटीनं जन्मात पहिल्यांदा थोरलीपुढे पदर पसरला. "आठवडाभर राहू द्या. चित्र झालं की भोपळा तुमचाच."

"बघू," थोरली म्हणाली.

दुसऱ्या दिवशी वेलीला नुसता देठ होता, सुरीनं तिरपा कापलेला.

धाकटी रडली, संतापली, भिंतीकडे तोंड करून वाट्टेल ते बोलली. मग स्टूल टाकून बसली. जसं असेल तसंच काढायचं होतं ना? कोऱ्या जागेत तिनं तो देठ काढला, चिकाच्या थेंबासकट. खाली भोपळ्याएवढा कागद कोराच ठेवला.

वसाहतीच्या फुलांच्या प्रदर्शनात ते चित्र लागलं, नेमकं थोरलीच्या गुलाबांशेजारी. येईल तो माणूस देठापाशी थांबायचा.

"अरेरे, हा कुणी कापला?"

"यांनी," धाकटी सरळ बोट दाखवायची.

दुपारपर्यंत गुलाबांकडे कुणी ढुंकून पाहिलं नाही. थोरलीचा चेहरा लालबुंद झाला.

"घरातलं भांडण चव्हाट्यावर आणलंस! आणि कशासाठी? पाणचट होता तुझा भोपळा. चिरला आणि बियांसकट गुलाबांच्या मुळाशी फेकून दिला."

धाकटीचा कुंचला, तिचं फळ, आणि कचरा! तिनं थोरलीकडे रागानं पाहिलं. मग तिला एकदम हसू फुटलं, अगदी मनापासून, आणि अगदी दुष्ट.

"हसतेस काय?"

"काही नाही, जाऊबाई. गुलाबांना पाणी घालत राहा."