फेकलेला खडू

सरांनी खडू फेकला. वर तुळईपर्यंत गेला आणि माझ्या पायाशी येऊन पडला. वर्ग हसला.

त्याआधी पाटलांच्या पोराला सरांनी खडू हातात दिला होता. बोटांना बोटं लागली तरी चाललं. आम्ही गावकुसाबाहेरचे. आमच्याकडे खडू उडतच यायचा. श्रीगोंदा तालुक्यातल्या आमच्या शाळेची ती रीतच होती, आणि अकरावीपर्यंत मीही मुकाट खाली वाकून उचलत आले होते.

फळ्यावर अन्वस्ताचं, म्हणजे फेकलेली वस्तू ज्या वाटेने जाते त्या वक्राचं गणित होतं. शिरोबिंदू (२, ३). वक्र (४, −५) मधून जातो. समीकरण काढा, म्हणजे य = अ(क्ष − २)² + ३ मधला अ शोधा. ज्याला येईल त्यालाच विषय म्हणून वरचं गणित, बाकीच्यांनी साधं घ्यायचं, असं सरांनी बजावलं होतं. मला वरचं गणित हवं होतं. जिवापाड हवं होतं. पाटलांच्या पोराने कंसाबाहेरचा अ सरळ एक धरला आणि चुकला. "हरकत नाही, बस," सर त्याला म्हणाले. मग माझी पाळी.

"उचल गं. बघू काय दिवे लावतेस."

मला येत होतं. चारातून दोन गेले, दोन. त्याचा वर्ग चार. चार अ अधिक तीन बरोबर उणे पाच. म्हणजे अ उणे दोन. अ उणे असला की वक्र वर चढून खालीच येतो. मी पायाशी पडलेल्या खडूकडे बघितलं. तुळईपाशी त्याचा शिरोबिंदू, माझ्या पायाशी दुसरा बिंदू. एवढ्यावर सगळा वक्र ठरतो, हे सरांनीच शिकवलेलं. आईच्या ओंजळीत उंचावरून ओतलेलं पाणी, तिच्या पदरात लांबून टाकलेली भाकरी, सगळं ह्याच वाटेने आलेलं. माझं डोकं फिरलं.

मी वाकले नाही. फळ्यापाशी गेले आणि हात पुढे केला.

"सर, खडू हातात द्या."

"माजलीस काय? साधं गणित घे. बस खाली."

"अ उणे दोन," मी म्हणाले. बसले नाही. सरांनी मला वर्गाबाहेर काढलं.

घरी आई चुलीपुढे कळवळली. "उचलायचा हुता की गं. आमी जलमभर उचललंच की."

"म्हनूनच न्हाई उचलला."

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा फळ्यापाशी जाऊन उभी राहिले. सरांनी पुन्हा हाकललं. हाकला. वरचं गणित मी सोडणार नाही, आणि फेकलेला खडू उचलणार नाही. हातात द्या. नाहीतर रोज हा पुढे केलेला हात बघा.